लाह्यांच्या धान्यांची अवर्षणसहनशील पैदास

लाह्यांच्या धान्यांची अवर्षणसहनशील पैदास ही पीक पैदासशास्त्राची एक उपशाखा आहे. उष्णतेने फुलून लाही होण्याचा गुण असलेल्या धान्यांचे, कमी पाण्यावर तग धरणारे आणि तरीही दाणा पूर्ण भरणारे वाण तयार करणे हा तिचा विषय होय. जगात या दिशेने झालेले बहुतेक काम पॉपकॉर्नवर, म्हणजे लाह्यांच्या मक्यावर झाले आहे. महाराष्ट्रात मात्र लाह्यांचे कोरडवाहू धान्य ज्वारी हे आहे. मराठवाडा व सोलापूरच्या पट्ट्यात, बीड जिल्ह्यातील धर्मापुरीसारख्या गावांच्या काळ्या शिवारात, परतीच्या पावसाच्या ओलीवर वाढणारी रब्बी ज्वारी हे या विषयाचे सर्वांत जवळचे आणि सर्वांत जुने उदाहरण आहे.

दोन्ही पिकांत पैदासकारापुढील अडचण एकच आहे. अवर्षणात झाड जगले म्हणजे लाही साधली असे होत नाही. लाही दाण्याच्या भरीवपणावर आणि टरफलाच्या अभंगतेवर अवलंबून असते, आणि पाण्याचा ताण नेमका दाणा भरण्याच्या काळात पडला तर पहिला घाव तिच्यावर बसतो. त्यामुळे येथे ‘सहनशील’ या शब्दाचा अर्थ इतर पिकांपेक्षा अधिक कडक घ्यावा लागतो.

नाव आणि परंपरा

‘लाही’ हा शब्द संस्कृत ‘लाजा’ या शब्दापासून आला. विवाहविधीतील लाजाहोमात त्याचे मूळ रूप टिकून आहे. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या व बत्तासे लागतात, तर नागपंचमीला आणि गोपाळकाल्याला ज्वारीच्या लाह्या. लाह्या भाजून विकणाऱ्या कारागिराला भडभुंजा म्हणतात. पारंपरिक कृतीत ज्वारी पाण्याने किंचित ओलावून रात्रभर कापडात झाकून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कढईतील तापलेल्या वाळूत मूठमूठ टाकून हलवतात. जे दाणे फुटत नाहीत त्यांना गणंग म्हणतात. हा घरगुती शब्द पुढे पैदासशास्त्रातही उपयोगी पडतो, कारण वाणाची परीक्षा शेवटी गणंगांच्या प्रमाणावर येऊन ठेपते.

मका भारतात आला तो अमेरिकेतून, पोर्तुगिजांच्या आगमनानंतरच्या काळात. अमेरिका खंडात मात्र लाह्यांचा मका अतिप्राचीन आहे. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील उत्खननांत सापडलेली सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीची कणसे या प्रकारच्या मक्याची असल्याचे मानले जाते. ज्वारीचे मूळ आफ्रिकेत असले तरी ती भारतात फार पूर्वी रुळली, आणि तिच्या लाह्यांना जो सणांचा मान मिळाला तो मक्याच्या लाह्यांना अद्याप मिळालेला नाही. चित्रपटगृहात मका आणि देव्हाऱ्यापुढे ज्वारी, अशी ही वाटणी आजही बऱ्याच घरांत दिसते.

लाही फुलण्याची क्रिया

लाही फुलणे ही दाबाची क्रिया आहे. दाण्याचे बाहेरचे टरफल, म्हणजे फलावरण, छोट्या बंद भांड्यासारखे काम करते. आतल्या पुष्कात, म्हणजे दाण्यातील पिठाच्या साठ्यात, थोडे पाणी अडकलेले असते. दाणा तापला की या पाण्याची वाफ होते, पण टरफल अभंग असल्यामुळे ती बाहेर पडू शकत नाही. पॉपकॉर्नमध्ये तापमान सुमारे १८० अंश सेल्सिअसला पोहोचेपर्यंत आतील दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ९ पट होतो. तोपर्यंत पिठातील स्टार्च मऊ व लवचीक झालेला असतो. टरफल फाटते, दाब क्षणात उतरतो, वाफ प्रसरण पावते आणि मऊ स्टार्चचा फेस होऊन तो तसाच थिजतो. तोच लाहीचा पांढरा भाग.

यासाठी तीन गोष्टी जमून याव्या लागतात. पहिली म्हणजे टरफल जाड आणि बिनतड्याचे हवे. दुसरी, पुष्क काचेसारखे घट्ट आणि पारभासक हवे. मक्याच्या किंवा ज्वारीच्या दाण्यात दोन प्रकारचे पुष्क असते: बाहेरच्या बाजूला कठीण, काचेरी आणि मध्यभागी भुसभुशीत, पिठूळ. काचेरी भागात स्टार्चचे कण प्रथिनांच्या जाळ्यात घट्ट बसलेले असतात, मधे पोकळी नसते, त्यामुळे वाफेचा दाब तेथे टिकतो. पिठूळ भागात हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असल्याने तो फुलण्याला फारसा हातभार लावत नाही. लाह्यांच्या मक्यात काचेरी भाग जवळजवळ सर्व दाणा व्यापतो, तर जनावरांच्या खाद्यासाठी पिकवल्या जाणाऱ्या खळगेदार मक्यात पिठूळ भाग मोठा असतो. तिसरी गोष्ट म्हणजे ओलावा. पॉपकॉर्नसाठी तो साधारण १३.५ ते १४ टक्के असावा लागतो. फार कोरडा दाणा करपतो आणि फार ओला दाणा अर्धवट फुटून चिवट होतो. भडभुंज्याने आदल्या रात्री ज्वारीवर पाणी शिंपडण्याचे कारण हेच.

पैदासकार हा गुण आकारमानाने मोजतात. ठरावीक वजनाचे दाणे, प्रयोगांत बहुधा ३० ग्रॅम, ठरावीक उष्णतेत फोडून लाह्या मापपात्रात ओततात आणि दर ग्रॅममागे किती मिलिलिटर लाही झाली ते काढतात. चांगल्या व्यापारी पॉपकॉर्नमध्ये हा आकडा ४० किंवा त्याहून अधिक असतो. ज्वारीच्या लाह्या एवढ्या मोठ्या होत नाहीत. तिच्या बाबतीत शंभर दाण्यांपैकी किती फुटले, रंग किती पांढरा आणि लाही किती हलकी, हेही पाहिले जाते.

अवर्षणाचा घाव

मक्याचे झाड पाण्याच्या बाबतीत सर्वांत हळवे असते ते फुलोऱ्याच्या आधीपासून दाणा धरेपर्यंतच्या काही आठवड्यांत. तुरा शेंड्यावर आणि कणीस मधल्या बगलेत अशी मक्याची रचना आहे. ताण पडला की तुरा साधारण वेळेवर येतो, परागकण झडून जातात, पण कणसाचे केस मात्र उशिरा बाहेर पडतात. दोहोंमधील हे अंतर वाढत गेले की कणसात दाणे धरत नाहीत आणि टोकाकडचा भाग बोडका राहतो. लाह्यांच्या मक्याचे झाड सामान्य मक्यापेक्षा बहुधा बारीक, खोड नाजूक आणि मुळे कमी असतात, म्हणून त्याला हा ताण अधिक जाणवतो. अमेरिकेत पॉपकॉर्न पिकवणाऱ्या राज्यांना २०१२ च्या अवर्षणात याचा मोठा फटका बसला होता.

ताण उशिरा, दाणा भरताना आला तर नुकसान वेगळे असते. दाणे धरलेले असतात, पण पानांतून येणारा साखरेचा पुरवठा अकाली तुटतो. दाणा लहान व सुरकुतलेला राहतो, स्टार्चची घडण अपुरी होते आणि जलद वाळल्यामुळे टरफलाला सूक्ष्म तडे जाऊ शकतात. बाजारात असा दाणा भाकरीच्या पिठासाठी किंवा खाद्यासाठी खपतो, पण भट्टीवर त्याचे गणंग होतात. म्हणून उत्पन्नाचे आकडे अवर्षणाचे जे नुकसान सांगतात, ते लाह्यांच्या पिकापुरते तरी अपुरेच असते.

ज्वारीत रब्बी हंगामातील ताण जवळजवळ नेहमीच उशिराचा असतो. पेरणीनंतर पाऊस बहुधा संपलेला असतो, आणि जमिनीत साठलेली ओल झाड दररोज थोडी थोडी उपसत असते. ज्वारीच्या पाण्याच्या नाजूक अवस्था कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत ठरलेल्या आहेत: जोमाची वाढ (पेरणीनंतर २८ ते ३० दिवस), पोटरी (५० ते ५५ दिवस), फुलोरा (७० ते ७५ दिवस) आणि दाणे भरणे (९० ते ९५ दिवस). एकच संरक्षित पाणी देणे शक्य असेल तर ते केव्हा द्यायचे, हा मराठवाड्यातील विहीरवाल्या शेतकऱ्याचा जुना प्रश्न आहे. ज्याच्याकडे विहीर नाही, त्याच्यासाठी या प्रश्नाचे उत्तर वाणातच असावे लागते.

मक्यातील पैदास

मका हे परपरागीकरण होणारे पीक आहे. त्यात एक झाड निवडून त्याचे बी ठेवल्याने गुण टिकत नाही. संपूर्ण समूहातून चांगली झाडे निवडणे, त्यांचा आपापसांत संकर करणे, पुन्हा निवडणे, अशी आवर्ती निवड पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते. अवर्षणासाठी अशा निवडीचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्रात १९७० च्या दशकात सुरू झाला. तुश्पेन्यो या स्थानिक मक्याच्या समूहावर तेथे आठ आवर्तने निवड झाली. पाऊस नसलेल्या हंगामात पीक घेऊन फुलोऱ्याच्या सुमारास पाणी मुद्दाम तोडले जाई, आणि ज्या झाडांत तुरा व केस यांतील अंतर सर्वांत कमी राही ती पुढे नेली जात. या एका सोप्या मोजणीने ताणाखालील उत्पन्न लक्षणीय वाढले. पुढे २००० च्या दशकात आफ्रिकेतील १३ देशांत राबवलेल्या अवर्षणसहनशील मक्याच्या मोहिमेचा पाया या कामात होता.

लाह्यांच्या मक्यात ही पद्धत जशीच्या तशी लावता येत नाही. त्यात उत्पन्न आणि फुलण्याचे प्रमाण यांचे नाते बहुधा व्यस्त असते: दाणा मोठा झाला, उत्पन्न वाढले की पिठूळ भाग वाढतो आणि लाही खुजी होते. केवळ उत्पन्नावर निवड करणारा पैदासकार काही पिढ्यांत नकळत साधा मका तयार करून बसतो. आनुवंशिकीच्या दृष्टीने या दोन गुणांचा स्वभावही निराळा आहे. फुलण्याचा गुण मुख्यतः अनेक जनुकांच्या लहानलहान परिणामांची बेरीज होऊन येतो, म्हणून तो संकराच्या दोन्ही जनकांत असावा लागतो. उत्पन्नात मात्र संकरजोमाचा वाटा मोठा असतो. संकरित पॉपकॉर्न तयार करताना दोन्ही बाजूंना चांगले फुलणारे, पण एकमेकांपासून दूरच्या कुळातले जनक शोधण्याची जी धडपड असते, ती यामुळेच.

अवर्षणसहनशीलतेचे जनुक साध्या मक्यात भरपूर सापडतात, पण ते लाह्यांच्या मक्यात आणणे खर्चिक आहे. पहिल्या संकरात फुलण्याचा गुण बराचसा हरवतो. तो परत मिळवण्यासाठी लाह्यांच्या जनकाशी पुन्हा पुन्हा प्रतीपसंकर करावा लागतो, आणि दर पिढीत दुष्काळी गुण सुटून जात नाही ना हे तपासावे लागते. त्यात आणखी एक अडसर निसर्गानेच ठेवला आहे. पॉपकॉर्नच्या अनेक कुळांत जीए-१-एस हा घटक असतो. तो असलेल्या कणसाचे केस साध्या मक्याचे पराग स्वीकारत नाहीत. म्हणून असा संकर करताना साधा मका मादी आणि पॉपकॉर्न नर ठेवावा लागतो. उलट, तयार वाण शेजारच्या मक्यापासून शुद्ध राखायला हाच घटक उपयोगी पडतो.

लाह्यांच्या मक्याच्या अवर्षणसहनशीलतेवर सातत्याने काम करणाऱ्या संस्थांत ब्राझीलमधील उत्तर फ्लुमिनेन्से राज्य विद्यापीठाचा उल्लेख करावा लागतो. रिओ द जानेरो राज्याच्या उत्तर भागात, जेथे कोरडे आठवडे अवेळी येतात, तेथील संशोधकांनी अंतःप्रजात कुळे पुरेशा पाण्यावर आणि ताणाखाली अशी दोन्हीकडे वाढवून त्यांची मुळे, पानांची हिरवाई, उत्पन्न आणि लाहीचे आकारमान एकत्र मोजले. ताणाखाली उत्पन्न आणि फुलणे दोन्ही घटतात, पण सर्व कुळांत सारखी घट होत नाही, आणि दोन्ही गुण बऱ्यापैकी राखणारी कुळे निवडता येतात, असे या कामातून पुढे आले.

भारतात लाह्यांच्या मक्याचे व्हीएल अंबर पॉपकॉर्न (अल्मोडा) आणि पर्ल पॉपकॉर्न (लुधियाना) यांसारखे वाण सार्वजनिक संस्थांनी दिले आहेत. ते मुख्यतः उत्पन्न, लवकर पक्वता आणि लाहीची प्रत यांसाठी ओळखले जातात.

रब्बी ज्वारी: मोहोळपासून राहुरीपर्यंत

ज्वारीची गोष्ट मक्यापेक्षा वेगळी आहे, कारण ती मुख्यतः स्वपरागित आहे. एक चांगले कणीस निवडून त्याचे बी वेगळे पेरले की गुण बऱ्याच अंशी टिकतात. दख्खनमधील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नेमके हेच केले. खळ्यावर कणसे पडण्यापूर्वी भरदार, मोत्यासारख्या दाण्यांची कणसे बाजूला काढायची आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी टांगून ठेवायची. मालदांडी, दगडी, कुची, चुंगी ही नावे अशा निवडीतून आलेल्या स्थानिक वाणांची आहेत. त्यांपैकी दगडी हे नाव दाण्याच्या कठीणपणाकडे थेट बोट दाखवते.

मालदांडीच्या समूहातून सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथील संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात एक शुद्ध वंश निवडला गेला. तो मालदांडी ३५-१ या नावाने ओळखला जातो. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ रब्बी हंगामात त्याला पूर्णपणे बाजूला सारणारा वाण निघालेला नाही, आणि शेतीच्या इतिहासात असे क्वचितच घडते. भाकरीची चव, मोत्यासारखा टपोरा चकचकीत दाणा, उंच व गोडसर कडबा आणि ओलीवर निभावून नेण्याची ताकद हे चारही गुण त्यात एकत्र आले आहेत. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

१९६४ साली सीएसएच-१ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण आला आणि खरीप हंगामाचे चित्र पालटले. रब्बीत मात्र संकरित वाणांना तसे यश मिळाले नाही. खरिपासाठी तयार झालेली जनक कुळे थंडीत नीट फुलत नाहीत, खोडमाशीला लवकर बळी पडतात, आणि त्यांच्या दाण्याला मालदांडीची झळाळी नसते. शेतकऱ्याने कडबा आणि भाकरी यांच्या तुलनेत काही क्विंटल जास्त दाण्याला पसंती दिली नाही. त्यामुळे रब्बी ज्वारीच्या सुधारणेची वाट बव्हंशी सरळ वाणांतूनच गेली.

या कामात दोन कृषी विद्यापीठांचा वाटा मोठा आहे: राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि परभणी येथील १९७२ साली स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ, जे २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. त्यांच्या जोडीला सोलापूर येथील रब्बी ज्वारी केंद्र आणि हैदराबाद येथील भारतीय कदन्न संशोधन संस्था आहे. राहुरीच्या पैदासकारांनी अवर्षणसहनशीलतेचा प्रश्न जमिनीच्या खोलीशी जोडला, हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. ज्या जमिनीत जेवढी ओल मावते, तिच्यासाठी तेवढ्याच मुदतीचा वाण, असे हे सूत्र आहे. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा व फुले माउली, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा व फुले यशोदा, आणि पाण्याची सोय असेल तेथे फुले रेवती, अशी वाटणी शिफारशींत आढळते. परभणीचे परभणी मोती आणि परभणी ज्योती हे वाण मध्यम ते भारी जमिनीसाठी सांगितले जातात.

याच मालिकेत उपयोगानुसार केलेले वाणही आहेत. हुरड्यासाठी फुले उत्तरा व फुले मधुर, पापडासाठी फुले रोहिणी आणि लाह्यांसाठी फुले पंचमी. शेवटचे नाव नागपंचमीची आठवण करून देते. लाह्यांसाठी वेगळा वाण का लागावा, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे कारण दाण्याच्या घडणीत आहे. भाकरीला टपोरा आणि मध्यम कठीण दाणा हवा. फार काचेरी दाण्याचे पीठ रवाळ निघते आणि भाकरी थापताना चिरते. लाहीला याउलट बारीक, काचेरी आणि जाड टरफलाचा दाणा हवा. मालदांडीच्याही लाह्या होतात, पण ज्या गुणांसाठी ती प्रसिद्ध आहे ते गुण लाहीचे नव्हेत.

हिरवेपणा, खोड आणि कडबा

दाणा भरताना येणाऱ्या ताणाला ज्वारीचे झाड दोन प्रकारे तोंड देते. काही वाण खोडात आधी साठवलेली साखर उचलून दाण्याकडे वळवतात. दाणा भरतो, पण खोड पोकळ होते. अशा दुबळ्या खोडात जमिनीतील मॅक्रोफोमिना बुरशी शिरते आणि खडखड्या रोग होतो. झाडे बुंध्यापाशी मोडून पडतात, आतला गाभा काळा पडतो आणि कडबा निकामी होतो. काही वाण याउलट पाने शेवटपर्यंत हिरवी ठेवतात आणि साखर ताजी तयार करत राहतात. या दुसऱ्या गुणाला हरितस्थिरता म्हणता येईल.

हरितस्थिरतेचा सर्वाधिक अभ्यासलेला स्रोत बी-३५ हे इथिओपियाच्या ज्वारीपासून आलेले कूळ आहे. त्यातील चार प्रमुख जनुकस्थाने अमेरिकेतील टेक्सासमधील संशोधकांनी निश्चित केली. नंतर ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड आणि तेलंगणातील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्था इक्रिसॅट यांनी ती स्थानिक कुळांत आणून पाहिली. या अभ्यासातून निघालेली बाब विचार करण्यासारखी आहे. हिरवी राहणारी झाडे शेवटी जास्त पाणी शोधून काढतात असे नाही. ती आधी कमी पाणी खर्च करतात. फुटवे कमी, वरची पाने लहान, त्यामुळे फुलोऱ्यापूर्वी बाष्पोत्सर्जन कमी आणि दाणा भरण्यासाठी जमिनीत थोडी ओल शिल्लक. लाह्यांच्या दृष्टीने हा गुण मोलाचा ठरावा, कारण शेवटपर्यंत भरत राहिलेला दाणाच काचेरी होतो. अडचण कडब्याची आहे. फुटवे कमी आणि पाने लहान म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षी वैरण कमी, आणि बैलजोडी किंवा दुभते जनावर दारात असलेला शेतकरी असा वाण घेताना दहा वेळा विचार करतो.

पैदासकाराची आणखी एक व्यावहारिक अडचण अशी की लाहीची परीक्षा दाणा नष्ट करते. सुरुवातीच्या पिढ्यांत एका झाडाचे बी मोजके असते. ते फोडून पाहिले तर पेरायला उरत नाही. म्हणून पहिल्या काही पिढ्यांत दाण्याचा कठीणपणा, घनता आणि कापून पाहिल्यावर दिसणारे काचेरी भागाचे प्रमाण यांवरून अंदाज बांधतात आणि खरी भट्टी पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवतात. तीही ताणाखाली पिकलेल्या दाण्याची असावी लागते, कारण बागायती तुकड्यात वाढलेल्या दाण्याची लाही कोरडवाहू दाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

धर्मापुरीचा परिसर

धर्मापुरी हे बीड जिल्ह्याच्या पूर्व भागातील, परळी व अंबाजोगाईच्या परिसरातील गाव असून चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरासाठी ते ओळखले जाते. हा सारा प्रदेश पर्जन्यछायेच्या दख्खन पठारावर आहे. बीड जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर असून पश्चिमेकडील आष्टी-पाटोद्याच्या तुलनेत पूर्व भागात पाऊस थोडा अधिक होतो. मात्र सरासरीपेक्षा पावसातील खंड येथे अधिक महत्त्वाचा ठरतो. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१४ ते २०१६ या सलग वर्षांत मराठवाडा होरपळला. २०१६ मध्ये तर शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी जमीन ही येथील रब्बी ज्वारीची खरी विहीर आहे. भरपूर चिकणमाती असल्यामुळे ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते आणि काढणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. हस्ताचा पाऊस चुकला तर ओल कमी पडते. जमीन वाळू लागली की तिला खोल भेगा पडतात आणि त्या वाटे उरलेली ओलही उडून जाते. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करण्याची शिफारस केवळ तणासाठी नाही, तर या भेगा बुजवण्यासाठी आहे. वाण कितीही सहनशील असला तरी न कोळपलेल्या रानात त्याची मुळे भेगांत तुटतात.

गेल्या काही दशकांत या भागात सोयाबीनने खरिपाचा मोठा भाग व्यापला आहे. सोयाबीन काढून मग ज्वारी पेरली तर पेरणी लांबते. परिणामी पीक उशिरा फुलते आणि दाणा भरण्याचा काळ फेब्रुवारीतील वाढत्या उन्हात सरकतो. लवकर पक्व होणारा वाण ही यावरची एक वाट आहे. पण मुदत कमी झाली की दाणा भरण्याचे दिवसही बहुधा कमी होतात, आणि लाहीसाठी ते दिवस मोलाचे असतात. पेरणीची वेळ साधणे हे काम पैदाशीच्या कक्षेबाहेरचे असले तरी वाणाचे यश त्यावरच ठरते.

बियाणे आणि साठवण

लाह्यांच्या पिकात दाण्याचा गुण केवळ आईकडून येत नाही. पुष्क तयार होताना त्यात परागकणाचाही वाटा असतो. त्यामुळे लाह्यांच्या मक्याच्या शेजारी साधा मका असेल आणि वाणात जीए-१-एस हा घटक नसेल, तर त्याच हंगामात, त्याच कणसातल्या काही दाण्यांची प्रत बदलू शकते. म्हणून बीजोत्पादनात इतर मक्यापासून विलगीकरणाचे अंतर पाळावे लागते. ज्वारीत परपरागीकरणाचे प्रमाण कमी असले तरी शून्य नसते, आणि लाह्यांच्या ज्वारीलगत भाकरीची ज्वारी असेल तर काही वर्षांत घरच्या बियाण्यात मिसळ दिसू लागते. बियाण्यासाठी शेताच्या मधल्या भागातील, वाणाशी मिळतीजुळती कणसे निवडून बाकीची धान्यासाठी ठेवणे हा त्यावरचा जुना आणि स्वस्त उपाय आहे.

मळणीची पद्धतही फुलण्यावर परिणाम करते. फार वेगाने फिरणाऱ्या मळणीयंत्रात कठीण दाण्याच्या टरफलाला तडे जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण भट्टीवर वाफ त्यांतून निसटते. अति उन्हात फरशीवर पसरून एका दिवसात वाळवलेल्या दाण्याचेही तसेच होते. लाह्यांसाठीचे धान्य त्यामुळे कणसातच सावकाश वाळू देतात, हलक्या हाताने मळतात आणि कोरड्या जागी साठवून भाजण्याच्या आदल्या दिवशीच ओलावतात.